श्रीमंत कुटुंबाच्या सोशल मीडियाच्या वेडावर उपहासात्मक कादंबरी लिहितोय, पण त्यातल्या पोस्ट खोट्या का वाटतात?

बहुतेकदा साल पक्कं केलेलं नसतं म्हणून. आधी वर्ष ठरवा, मगच पात्रांच्या हातात फोन द्या. ट्विटरची मर्यादा नोव्हेंबर २०१७ मध्ये १४० वरून २८० अक्षरांवर गेली, जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉक बंद झालं, जुलै २०२३ मध्ये ट्विटरचं 'एक्स' झालं. निळी टिक पूर्वी मानाची होती. एप्रिल २०२३ मध्ये जुन्या टिका काढल्या आणि ती पैसे भरून घ्यायची वस्तू झाली. बड्या घरातला माज दाखवायला याहून चांगलं काय हवं? गुपचूप पैसे भरणारे काका, आणि "आम्हाला मिळाली होती, विकत नाही घेतली" म्हणणारी काकू.

ॲपचे नियम कथानकात वापरा. सुनेबद्दलचा टोमणा सासूबाईंच्या हातून चुकून फॅमिली ग्रुपवरच पडला, तर व्हॉट्सॲपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी मेसेज उडवल्याची खूण मागे उरतेच. त्या एका ओळीवरून घरातला प्रत्येकजण काय काय कल्पना करतो, यावर अख्खं प्रकरण निघतं.

हॅशटॅगांनी पानं भरू नका. एक पोस्ट द्या आणि जेवणाच्या टेबलावरची शांतता लिहा.

आणि ट्वीट देवनागरीत असेल तर मोजून घ्या: काना-मात्रा, हलन्त वेगळे धरले जातात. 'क्षी' म्हणजे चार: क, हलन्त, ष आणि वेलांटी. आजोबांचा संतप्त निबंध मध्येच अडतो तो त्यामुळे.