ताई, त्या आवाजासमोर वकिली करू नका

ताई, तुमचं वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून गेलंच नाही. आईंशी सकाळी फोनवर चिडून बोललात, संध्याकाळी त्यांना अटॅक आला, आणि चार वर्षं झाली तरी रात्री "तूच मारलंस, तू कसली विश्वासी" असा आवाज डोक्यात फिरत राहतो, शंभरदा क्षमा मागून झाली, चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकरी-द्राक्षरस घ्यायला बाकावरून उठवत नाही. सगळे म्हणतात तुमची काही चूक नाही. प्रेमापोटी म्हणतात हो, पण त्याने आत काही हलत नाही, माझं तरी हललं नव्हतं.

माझं सांगतो. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कापणीच्या सणाचा हिशोब माझ्याकडे होता, त्यातले सहा हजार मी मुलीच्या फीला वापरले, दीड महिन्यात परत ठेवले, कोणाला पत्ता नाही. पुढची तीन वर्षं प्रभुभोजनाच्या रविवारी मी घरी. बायकोला वाटायचं गुडघा दुखतोय. मी मनातल्या मनात वकिली करायचो, परत तर केले ना, गरज होती ना, आणि जेवढी वकिली करावी तेवढा आतला तो आवाज चढायचा कारण मुद्दा त्याचा खराच होता!

सुटलो ते बायबलातल्या जखऱ्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाने. यहोशवा प्रमुख याजक परमेश्वराच्या दूतासमोर उभा, उजव्या बाजूला सैतान दोष द्यायला उभा, आणि याजकाचे कपडे मळके. म्हणजे आरोपात तथ्य आहे. पण त्या अख्ख्या प्रसंगात यहोशवा एक शब्द बोलत नाही बघा. सैतानाला दटावतो परमेश्वर, आणि मग हुकूम होतो की ह्याचे मळके कपडे काढा. जा धुवून ये, असं त्याला कोणी म्हणत नाही. संडे स्कूलपासून ऐकलेली गोष्ट, पण ते कपडे कोण काढतं इकडे माझं कधी लक्षच नव्हतं.

प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनेही 1530 मध्ये पत्रात हेच लिहिलं, त्याच्या घरी मुलांना शिकवणाऱ्या येरोम वेलर नावाच्या खचलेल्या तरुणाला. सैतान तुझी पापं काढून म्हणाला की तू मरणाच्या नि नरकाच्या लायक आहेस तर म्हण, हो आहे, मग काय? माझ्यासाठी भरपाई करणारा एक आहे. आणि हाच ल्यूथर मठात असताना तासन्तास पापं कबूल करत बसायचा, म्हणजे तुमचं शंभरदा त्याचंही करून झालेलं. त्याच पत्रात एकटा राहू नकोस, थट्टामस्करी कर, थोडी जास्त पी असंही आहे, शेवटचं आमच्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे पास्टरांच्या, कानावर घालू नका.

तर रात्री आवाज आला की मोठ्याने म्हणा, हो, मी आईला वाईट बोलले, ते प्रभूला सांगितलंय, आणि बायबलातल्या रोमकरांस 8:1 प्रमाणे मला दंडाज्ञा, म्हणजे शिक्षा, नाही. बस. तेवढंच आपल्या वाट्याचं. "मारलंस" हे सैतानाने खऱ्याच्या मागे चिकटवलेलं खोटं आहे, ते कबूलही करू नका आणि त्यावर वादही घालू नका. आणि त्याच गोष्टीची परत क्षमा मागू नका, मुद्दाम सांगतोय, दर वेळी मागितली की पहिली मिळालीच नव्हती असं आपणच मनाला शिकवतो.

एका माणसाला मात्र सांगा. मी पाळकांना सांगितलं, त्यांनी कमिटीपुढे सांगायला लावलं, दोघेजण वर्षभर धड बोलले नाहीत, पण त्या रात्री झोप लागली. माणूस बघून निवडा पण. येशूला धरून देणाऱ्या यहूदानेही कबुली दिली होती, याजकांपुढे, ते म्हणाले आम्हाला त्याचं काय, आणि तो एकटाच निघून गेला.

झोपच उडाली असेल, तोच विचार दिवसभर सुटत नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल तर डॉक्टरला दाखवा, नुसत्या प्रार्थनेवर ठेवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, रात्रीही लागतो. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी असं मंडळीत कोणी म्हणालं तर विचारा, तुम्ही बीपीची का घेता.

आईंच्या आजारपणात भाऊ सोबत होता असं लिहिलंय तुम्ही. त्यालाच सांगा ना फोनचं. आणि पुढच्या प्रभुभोजनाला त्याला शेजारी बसवा, दोघं मिळून उठा.