नाताळच्या टीव्हीवर दरवर्षी तेच का?

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे ब्रिटनमधल्या लेस्टरमध्ये राहतो. डिसेंबरात ‘रेडिओ टाइम्स’ या टीव्ही-रेडिओच्या वेळापत्रकाच्या साप्ताहिकाचा नाताळचा जाडजूड जोडअंक घरी आला की मी पेन घेऊन बसते, पण २५ तारखेच्या पानावर खूण करावी असे नवे काही सापडत नाही. दुपारी राजाचे भाषण, संध्याकाळी नृत्यस्पर्धेचा खास भाग, मग सुईणींची मालिका आणि शेवटी ‘ईस्टएंडर्स’ या लंडनमधल्या एका चौकातल्या कुटुंबांच्या मालिकेतली भांडणे. पूर्वी असे नव्हते, असे शेजारचे इंग्रज आजोबा सांगतात. ते खरे आहे का? — एक वाचक, लेस्टर

उत्तर : आजोबांची हळहळ मला समजते, पण वेळापत्रक पूर्वीही ठरलेलेच असे. १९७०च्या दशकातला बीबीसीचा नाताळ आठवून पाहा. दुपारी जेवणाच्या सुमारास ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा लोकप्रिय गाण्यांचा कार्यक्रम, तीन वाजता राणीचे भाषण, नंतर सर्कस आणि रात्री मोरकम व वाइज ही विनोदी जोडी. ही जोडी १९६९ ते १९७७ या काळात १९७४चा अपवाद वगळता दरवर्षी नाताळला बीबीसीवर नवा कार्यक्रम घेऊन येत असे. पुढच्या वर्षी काय लागणार, हे कोणालाही आदल्या वर्षीच सांगता आले असते. तरीही १९७७चा त्यांचा कार्यक्रम दोन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला आणि त्याला कोणी शिळे म्हटले नाही.

याचे कारण त्या कार्यक्रमाच्या पोटात शिरल्यावर कळते. १९७६च्या नाताळात याच जोडीच्या कार्यक्रमात अँजेला रिपन या वृत्तनिवेदिका नेहमीप्रमाणे टेबलामागे बसून बातम्या वाचताना दिसल्या. देशाला त्यांची ओळख होती ती कमरेपासून वरची, गंभीर चेहऱ्याची आणि मोजक्या शब्दांची. अचानक त्या उठल्या, टेबलामागून पुढे आल्या आणि पाय उंच उडवत नाचू लागल्या. रात्री ही जोडी येणार हे सर्वांना ठाऊक होते, पण बातम्या सांगणारी बाई नाचेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. चौकट ठरलेली आणि आतला माल नवा, हे त्या काळाचे खरे बलस्थान होते.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. १९८२ साली चॅनेल फोर सुरू होईपर्यंत ब्रिटनमध्ये तीनच वाहिन्या होत्या आणि चित्रपटगृहातून उतरलेला चित्रपट पुन्हा पाहण्याची सोय सामान्य घरात नव्हती. त्यामुळे १९७५च्या नाताळाला ‘द विझर्ड ऑफ ओझ’ किंवा १९७८च्या नाताळाला ‘द साउंड ऑफ म्युझिक’ घरच्या पडद्यावर दिसणे ही मेजवानी होती. आज तोच चित्रपट वर्षभर हवा तेव्हा मिळतो, म्हणून २५ डिसेंबरच्या पानावर तो छापलेला पाहून कोणी हरखून जात नाही. हा बदल जगातला आहे. त्याचा सगळा दोष कार्यक्रम आखणाऱ्यांच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही.

मात्र काही दोष निश्चितच त्यांचा आहे. ‘ईस्टएंडर्स’चेच पाहा. १९८६च्या नाताळाला डेन या पात्राने आपली पत्नी अँजी हिच्या हातात घटस्फोटाची कागदपत्रे ठेवली. सणाच्या दिवशी, तेही घराघरांत कुटुंबे एकत्र बसलेली असताना, असा प्रसंग दाखवणे हा मोठा धक्का होता आणि पुनःप्रक्षेपण धरून तीन कोटींहून अधिक प्रेक्षक त्याला लाभले. पुढे त्या धक्क्याचाच पायंडा पडला. आता नाताळाला त्या चौकातले एखादे लग्न मोडणार किंवा कोणीतरी मरणार, हे प्रेक्षक गृहीत धरूनच बसतात. एकदा साधलेले आश्चर्य दरवर्षी त्याच तारखेला मागवले की ते आश्चर्य उरत नाही.

याहून मला खटकतात ते प्रश्नमंजूषांचे आणि पाककला स्पर्धांचे ‘नाताळ विशेष’ भाग. नोव्हेंबरात जे चालले होते तेच, फक्त मागे झाड आणि सूत्रसंचालकाच्या अंगात रंगीत स्वेटर. अशा भागांना खर्च कमी लागतो आणि ते ठरावीक प्रेक्षक हमखास आणतात, हे मला मान्य आहे. नाताळात घडणारे नाटक कित्येक महिने आधी, बहुतेकदा भर उन्हाळ्यात खोटा बर्फ पसरून चित्रित करावे लागते. इतका पैसा आणि वेळ गुंतवायचा तर वाहिनीला खात्रीचे नाव हवे असते. म्हणूनच ‘कॉल द मिडवाइफ’ या सुईणींच्या मालिकेचा नाताळ भाग २०१२पासून दरवर्षी येतो. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तिथे दरवर्षी निदान नवी गोष्ट मनापासून सांगितली जाते. तक्रार आहे ती पूर्ण नव्या, एकाच बैठकीत संपणाऱ्या नाटकाला संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी आता जवळपास जागाच राहिलेली नाही, याची.

ठरावीकपणा आणि नवेपणा एकत्र कसे नांदतात हे पाहायचे असेल तर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील नाताळच्या पूर्वसंध्येची प्रार्थनासभा ऐका. ती १९१८ साली सुरू झाली आणि १९२८पासून रेडिओवर येते. सुरुवातीच्या कॅरोलचे, म्हणजे नाताळगीताचे, पहिले कडवे गायकवृंदातला एकच मुलगा, कोणत्याही साथीविना गातो, आणि तो मान कोणाला मिळणार हे त्या मुलांना ऐन वेळेपर्यंत सांगितले जात नाही. शिवाय १९८३पासून दरवर्षी या सभेसाठी एक नवे कॅरोल मुद्दाम लिहून घेतले जाते. परंपरा जपणाऱ्या संस्थेला हे जमते, तर एवढ्या मोठ्या वाहिन्यांना संध्याकाळचा एक तास नव्या लेखकासाठी राखून ठेवणे अवघड नसावे.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात मी मुलीकडे रेडिंगला होतो. नाताळच्या दिवशी दुपारी तीनला तिच्या शेजाऱ्यांनी हातातली कामे टाकून राजाचे भाषण लावले. हीच वेळ का, आणि लोक ते इतके मनावर का घेतात? — एक वाचक, पुणे

उत्तर : ही वेळ रेडिओच्या काळातली आहे. १९३२ साली पंचम जॉर्ज यांनी सँडरिंगहॅम येथून पहिले भाषण केले; त्याचा मजकूर रडयार्ड किपलिंग यांनी लिहिला होता. लघुलहरींवरून साम्राज्यातील जास्तीत जास्त देशांपर्यंत आवाज पोहोचावा म्हणून दुपारचे तीन निवडले गेले. लंडनला तेव्हा तीन वाजत, त्या वेळी आजच्या आपल्या घड्याळाप्रमाणे रात्रीचे साडेआठ होतात. १९५७पासून हे भाषण दूरचित्रवाणीवर दिसू लागले. १९६९ साली राजघराण्यावरील माहितीपट नुकताच दाखवून झाला असल्याने राणीने भाषण केले नाही, तेव्हा लोकांना ती उणीव इतकी जाणवली की तिला लेखी संदेश द्यावा लागला.

तिथल्या घरांत त्या दिवशी माणसे बांधल्यासारखी घरातच असतात, हेही ध्यानात घ्यावे. आगगाड्या आणि लंडनची भुयारी रेल्वे बंद असते, आणि २००४च्या कायद्यानुसार इंग्लंड व वेल्समधील २८० चौरस मीटरहून मोठी दुकाने २५ डिसेंबरला उघडता येत नाहीत. आपल्याकडे वसईत किंवा गोव्यात नाताळाला माणसे एकमेकांच्या घरी जातात, रस्ते गजबजलेले असतात. तिथे रस्ता ओस पडतो आणि घरातला पडदाच दिवसाचे भाग पाडतो. भाषण संपले की दुपार संपली, अशी ती सवय आहे. हा ठरावीकपणा बदलू नये असेच मला वाटते.

प्रश्न : आमची मुले सगळे काही हवे तेव्हा फोनवर पाहतात. मग नाताळचे वेळापत्रक नवे काय आणि जुने काय, त्याला आता अर्थ उरला आहे का? — एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : उरला आहे, आणि २०२३ व २०२४ ही दोन वर्षे शेजारी ठेवली तर तो दिसतो. २०२३ साली नेहमीचीच यादी होती. त्या दिवशी सर्वाधिक पाहिले गेले ते राजाचे भाषण आणि बाकी सर्व कार्यक्रम त्याच्या मागे राहिले. २०२४ साली ‘गॅव्हिन अँड स्टेसी’ या विनोदी मालिकेचा अखेरचा भाग लागला. २०१९च्या नाताळ भागाच्या शेवटच्या क्षणी त्यातल्या नेसा या पात्राने स्मिदी या पात्राला लग्नाची मागणी घातली होती आणि त्याचे उत्तर न दाखवताच पडदा पडला होता. पाच वर्षे प्रेक्षकांनी त्या उत्तराची वाट पाहिली. त्या रात्री सुमारे १ कोटी २३ लाख लोकांनी तो भाग लागला तेव्हाच पाहिला, आणि नंतर सवडीने पाहणाऱ्यांची त्यात आणखी मोठी भर पडली. त्याच संध्याकाळी ‘वॉलेस अँड ग्रॉमिट’ या मातीच्या बाहुल्यांच्या जोडीचा नवा चित्रपटही ९० लाखांच्या वर गेला.

या दोन्ही गोष्टींतली पात्रे जुनी, ओळखीची होती; पण ती दरवर्षी येत नव्हती. वाहिन्यांनी यातून दुसरी एखादी लोकप्रिय मालिका उकरून काढण्याचा धडा घेतला तर फार निराशा होईल. मुले फोन बाजूला ठेवून सर्वांबरोबर बसतात ती शेवट दुसऱ्याकडून कळू नये म्हणून, आणि त्यासाठी शेवट आधीच ठाऊक नसलेली गोष्ट लागते. तुमच्या मुलांना यंदा २५ डिसेंबरच्या पानावरचा असा एकच कार्यक्रम निवडायला सांगा आणि तो ठरल्या वेळीच लावा.