सरांची सर आणि ‘सनातन’चं गोत्र

‘सरांची सर कुणाला यायची नाही’ या वाक्यातले दोन ‘सर’ एकच का, असा प्रश्न आहे. जोडीला शेपूट आहे: ‘सर म्हणजे स्लेव्ह आय रिमेन, हे खरं ना?’

आधी शेपूट. साफ खोटं आहे ते. दर शिक्षकदिनाला ही थाप नव्याने फिरते आणि चांगली शिकलेली माणसं ती मान डोलावत पुढे पाठवतात, याचा मला मनापासून संताप येतो. आद्याक्षरं जुळवून शब्द पाडायची हौस मुख्यतः विसाव्या शतकातली. ‘रडार’ हा तसा शब्द, १९४०च्या सुमाराचा. ‘सर’ ही पदवी इंग्रज सरदार तेराव्या शतकाच्या अखेरीपासून नावाआधी लावत आले आहेत. आणि ‘मी गुलामच राहीन’ असा अर्थ असता, तर ती पदवी त्यांनी स्वतःच्या नावाला लावली असती का?

खरी वाट लॅटिनमधून येते. लॅटिन ‘सेनिओर’ म्हणजे वयाने मोठा. त्याचं फ्रेंचमध्ये ‘सीर’ झालं, ते इंग्रजीत ‘सायर’, आणि बोलताना आखडून ‘सर’. कचेरीतला ‘सीनियर’, स्पॅनिश ‘सेन्योर’, फ्रेंच ‘मस्य’मधला (monsieur, म्हणजे महाशय) उत्तरार्ध, ही सगळी त्याचीच भावंडं. लॅटिनमध्ये ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा, म्हणून ‘सेनेट’ ही मुळात वडीलधाऱ्यांची सभा. आयरिशमध्ये जुना, म्हातारा याला आजही ‘शान’ म्हणतात. आणि ऋग्वेदात ‘सन’ म्हणजे जुना! त्याच घरातलं ‘सना’, म्हणजे पूर्वीपासून, नेहमी. त्याला ‘तन’ लागून ‘सनातन’. पुरा–पुरातन, सना–सनातन, घडण तीच. म्हणजे वर्गात उभं राहून ‘येस सर’ म्हणणारं पोर नकळत ‘सनातन’च्या चुलतभावाला हाक मारतं. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. (‘सन १८५७’मधला सन मात्र अरबी. त्याला या गोत्रात घुसडू नका.)

‘सरकार’, ‘सरदार’, ‘सरहद्द’ यांतला ‘सर’ वेगळा. तो फारसी, अर्थ डोकं. इंग्रजांचा ‘सर’ आला म्हणून ‘सरकार’ आलं, असंही मी ऐकलं आहे. अहो, १७१९ साली मोगलांकडून सनदा मिळाल्या त्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या, तेव्हा मुंबई सोडली तर इथे इंग्रजांचं राज्य कुठे होतं? हा ‘सर’ आपल्या ‘शिरस्’चा सख्खा. संस्कृत ‘श’च्या जागी फारसीत बऱ्याचदा ‘स’ येतो: शत तिकडे ‘सद’, शरद तिकडे ‘साल’, शिर तिकडे ‘सर’. मराठीने हा सर इतका आपला केला, की ‘सरसेनापती’ आणि ‘सरन्यायाधीश’ अशी फारसी डोकं आणि संस्कृत धड असलेली रूपं आपण सहज वापरतो. भेसळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मुरडावं. मला ‘मुख्य न्यायाधीश’पेक्षा ‘सरन्यायाधीश’ कितीतरी भारदस्त वाटतो. किल्ला ‘सर’ करतात तोही फारसीच.

दिवस सरतात, माणूस पुढे सरतो, तिथे संस्कृत ‘सृ’ धातू, सरिताही त्यातलीच. त्यात फार काही सांगण्यासारखं नाही.

राहिली ‘सर येणे’मधली सर. काही जाणकार ती मोत्यांच्या सरापर्यंत नेतात: दोन सर शेजारी धरून पारखायचे, त्यावरून बरोबरी. चित्र सुरेख, पण पुरावा कुठे आहे? मोत्यांचा सर पुल्लिंगी. ‘सर येणे’मधली सर पक्की स्त्रीलिंगी. हे लिंग कधी आणि का बदललं, ते या मंडळींनी सांगावं, मग बोलू. माझं मत सरळ आहे. संस्कृत ‘सदृश’चं प्राकृतात ‘सरिस’ होतं, जसं ‘कीदृश’चं ‘केरिस’. जुन्या मराठीत ‘सरिसा’ आहेच. ‘सदृक्ष’पासून आपला ‘सारखा’ आला. ‘सर’ ही याच कुळातली, ‘सारखे’पणाची धाकटी बहीण. म्हणूनच ‘त्याची सर याला नाही’ म्हणा किंवा ‘तो त्याच्यासारखा नाही’ म्हणा, वाक्याचा तोल बिघडत नाही. त्या जागी मोत्यांचा सर ठेवून पाहा, वाक्य उभंच राहत नाही.