गोव्यात स्वयंसेवकांसोबत घरं बांधण्याचं काम प्रत्यक्षात कसं असतं?

तुमचा प्रश्न असा: पुण्यातली आयटीची नोकरी सोडून जूनपासून सहा महिने गोव्यात यायचं आणि गरजू कुटुंबांना घरं बांधून देणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर काम करायचं. तर दिवस कसा जातो, बांधकाम यावं लागतं का, आणि आपल्या हातून खरंच काही होतं का? जूनचं शेवटी बोलू. त्यात एक गोम आहे.

मी डिचोलीची, पण गेली सात वर्षं माझे बहुतेक रविवार शेजारच्या सत्तरी तालुक्यात जातात. साइट सांभाळते. स्वतः भिंत बांधत नाही. जांभ्या दगडाचे चिरे आले का, सिमेंटच्या गोण्या कोरड्या आहेत का, किती माणसं येणार, त्यांना पेज पुरेल का, कोण कोणावर रुसलंय, हे बघते. आमचा गट छोटा आहे. वर्षाला दोन घरं, फार तर तीन. मोठं काम बघायचं असेल तर काणकोणात जा. तिथे आमदार रमेश तवडकर यांच्या पुढाकाराने बलराम चॅरिटेबल ट्रस्टचा ‘श्रमधाम’ उपक्रम चालतो, श्रमदानातून घरं उभी राहतात.

बांधकाम यावं लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. उलट थोडंसं येणारा माणूस आम्हाला महागात पडतो. माझ्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. वाळपईच्या पुढे एका वाड्यावर काम चाललं होतं. पणजीहून पाच मुलं आली होती, उत्साही, मोबाइलवर व्हिडिओ बघून तयारी करून आलेली. मेस्त्री जेवायला गेला तेवढ्यात त्यांनी मागच्या कोपऱ्यावर चिऱ्यांचे दोन थर चढवले. दिसायला छान दिसत होते. संध्याकाळी त्या कोपऱ्यापाशी फोटो निघाले. सोमवारी सकाळी मी मजुरीचे पैसे द्यायला गेले, तर मेस्त्री तेच चिरे एकेक करून उतरवत होता आणि त्यांच्यावरचं सिमेंट थापीने खरवडत होता. ओळंब्याला दोन बोटांचा फरक होता. काल का नाही बोललात, असं विचारलं तर म्हणाला, “बाय, तीं भुरगीं खोशी आशिल्लीं. कित्याक सांगपाचें?” (ती मुलं खुश होती, कशाला सांगायचं?)

पुढे त्यांच्यातला एकजण गृहप्रवेशाला आईला घेऊन आला आणि म्हणाला, हा कोपरा आम्ही बांधला. मी मान हलवली. हे उत्तर त्याच्या वाचनात आलं, तर आज कळेल त्याला.

तेव्हापासून आमच्याकडे कोपरा फक्त मेस्त्री लावतो. दोन्ही टोकांचे चिरे त्याने बसवले की मध्ये दोरी ताणायची आणि दोरीला धरून मधले चिरे स्वयंसेवकांनी बसवायचे, तेही एका वेळी एकाने. चिरा आधी भिजवून घ्यायचा. जांभ्या दगडाला छिद्रं फार. कोरडा लावला तर सिमेंटमधलं पाणी तो पिऊन टाकतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. एवढं शिकायला अर्धा तास पुरतो. बाकी हातात थापी न घेताही करण्यासारखं खूप असतं.

आणि खरं काम तेच आहे: वाहून नेणं. सत्तरीतल्या वाड्यांवर ट्रक दारापर्यंत पोचत नाही. रस्ता संपतो, पुढे कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, कडेची पाऊलवाट, मध्ये ओहोळ, मग चढ. एका छोट्या घराला पाया धरून दीड हजाराच्या आसपास चिरे लागतात. आमच्याकडे येणारा एक चिरा २५ ते ३० किलोचा. त्यात सिमेंटच्या ५० किलोच्या गोण्या, रेती, खडी, कौलं. हे सगळं मजूर लावून दीडशे मीटर आत न्यायचं म्हटलं की वाहतुकीचाच खर्च घराच्या गळ्याशी येतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळत आले आहेत, तेही काम जसं पुढे सरकेल तसे, हप्त्याहप्त्याने, फोटो काढून पाठवल्यावर. पहिला हप्ता चिरे वाहण्यातच गेला तर भिंत जोत्यावर अडकून पडते. अशी अडकलेली, शेवाळ धरलेली जोती मी पाहिली आहेत.

इथे २५ माणसांची साखळी कामाला येते. एकाने उचलून दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. २५ माणसांत ५० मीटर निघतात, म्हणून तीन टप्पे करायचे. सगळे चिरे पहिल्या टप्प्याला आणून रचायचे, मग साखळी पुढे सरकवायची. पाचशे चिरे नेले की दुपार होते. यात कौशल्य नाही असं वाटतं, पण आहे. उंच माणसाशेजारी बुटका उभा केला की दोघांचीही कंबर जाते. गप्पिष्ट माणूस मध्ये ठेवला तर साखळी तिथे तुंबते, आणि तोच टोकाला ठेवला तर सगळ्यांना गाणी म्हणायला लावतो. हे मला कोणी शिकवलं नाही. चिरा एकाच्या पायावर पडून अंगठ्याचं नख गेलं, त्यानंतर मी माणसं लावण्याकडे नीट बघायला लागले. तेव्हापासून चप्पल घालून आलेल्याला साखळीत घेत नाही, मग तो कोणी का असेना.

दिवस म्हणाल तर तो आदल्या रात्रीच सुरू होतो, फोनवर. चिरेवाला “फाल्यां येतां” म्हणतो. हे ‘फाल्यां’ उद्याही असू शकतं आणि पुढचा बुधवारही. सकाळी सातला मी साइटवर असते, स्वयंसेवक साडेआठपर्यंत जमतात. अकरा वाजले की पेज. सोबत लोणचं, कधी सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर. शहरातली मुलं आधी पेजेकडे संशयाने बघतात आणि तिसऱ्या रविवारी भांडं पुसून खातात. दुपारी ऊन चढलं की सावलीतली कामं: कौलं घासणं, सळ्यांना तार बांधणं, रेती चाळणं. चारनंतर पुन्हा तासभर साखळी. ज्यांनी हातमोजे नको म्हटलेलं असतं, त्यांचे हात एव्हाना सिमेंटने सोलवटलेले असतात. पिशवीत खोबरेल तेलाची बाटली असतेच. काजूच्या झाडाला टेकून बसणाऱ्याला हुमले, म्हणजे लाल मुंग्या, चावतात, त्यावर मात्र उपाय नाही.

सोमवार ते शनिवार सामसूम. मेस्त्री, त्याचे दोन हेल्पर आणि घरची माणसं. भिंतीवर रोज पाणी मारायचं, किमान सात दिवस. हे काम फोटोत येत नाही, म्हणून ते घरच्यांच्याच वाट्याला येतं. पण घर टिकतं ते या पाण्याने.

स्वयंसेवकांचेही प्रकार असतात. एनएसएसची, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची, मुलं सर्वांत भरवशाची. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, म्हणून ती वहीवर सही घ्यायला येतात आणि कामाला लागली की सही विसरतात. निवृत्त माणसं सल्ले देतात, पण वेळेवर येतात. कंपन्यांचे गट टी-शर्ट, बॅनर आणि बिसलरीचे खोके घेऊन येतात. वाईट म्हणत नाही, एका अशाच गटाने आम्हाला पूर्ण घराची कौलं दिली. पण दुसऱ्या एका गटाने शनिवारी रात्री दहाला “उद्याचं रद्द” असा निरोप धाडला, तेव्हा ३० माणसांच्या पेजेचे तांदूळ भिजत पडले होते आणि ट्रक रस्त्यावर माल ओतून गेला होता. त्या दिवशी वाड्यावरच्या नऊ बाया आणि मी, एवढीच साखळी होती.

आता एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. एका घरी मावशी सकाळी चहा घेऊन आल्या. स्टीलचे कप कमी पडले म्हणून शेजारच्या दोन घरांतून मागून आणलेले. आमच्यातल्या एका ताईंनी मोठ्या मनाने सांगितलं, “मावशी, तुम्हाला कशाला त्रास, आम्ही सगळं आणलंय.” बाकीच्यांनीही नाही म्हटलं. मावशी ट्रे घेऊन परत गेल्या आणि दिवसभर बाहेर आल्या नाहीत. मला वाटलं तब्येत बरी नसेल. संध्याकाळी त्यांची सून म्हणाली, “आमच्या दारात पंचवीस माणसं आली आणि एकानेही पाण्याला तोंड लावलं नाही. आम्ही कोण मग?” तुम्ही ज्या घरी जाता, तिथे पाहुणे तुम्ही असता. घर पडलेलं असलं तरी यजमान तेच. आता आम्ही तांदूळ, डाळ, चहापूड, साखर शनिवारीच पोचवतो, आणि चूल घरच्या बायांच्या ताब्यात. आमच्यातलं कोणी चुलीकडे फिरकत नाही.

घरच्यांनी स्वतः राबायचं, हा आमचा काही नवा शोध नाही. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ची तीच रीत आहे: घर फुकट नाही, कुटुंबाने आपले श्रम त्यात घालायचे. २००६ मध्ये जिमी कार्टर लोणावळ्याजवळ याच संस्थेच्या कामावर आले होते, वय ८२, आणि स्वयंसेवकांनी शंभर घरांचं काम हाती घेतलं होतं. फक्त आमच्याकडे अडचण अशी की बांधकामाचा हंगाम आणि काजूचा हंगाम एकच. फेब्रुवारी ते मे घरची माणसं पहाटेपासून काजूच्या बागायतीत असतात, वर्षाची कमाई तीच. त्यांना “साइटवर का नाही आलात” असं विचारणाऱ्या स्वयंसेवकाला मी बाजूला घेऊन समजावते. त्यात मार्चमध्ये शिगमो आला की मेस्त्रीही गायब. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेआधी धोंड, म्हणजे तिचे भक्त, व्रताला बसतात, आणि आमचा एक मेस्त्री धोंड आहे. ते दिवस आम्ही धरतच नाही. तुमचं प्रोजेक्ट शेड्यूल इथे चालणार नाही, पंचांग चालेल.

बाकी कागद. सत्तरीत जमिनीच्या मालकीचा घोळ जुना आहे. कुठे मोकासो, कुठे आल्वारा असे पोर्तुगीज काळापासूनचे जमीनहक्क, कुठे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मुंडकार. माणूस आजोबांच्या काळापासून घरात राहतो आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव भलत्याचंच. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ पासून आहे, पण प्रत्येक घराचा कागद त्याच्या चौकटीत नीट बसतोच असं नाही. म्हणून आम्ही शक्यतो जुन्या जोत्यावरच बांधतो, घर क्रमांक आणि घरपट्टीच्या पावत्या आधी तपासतो. हे सगळं जमेपर्यंत एकही चिरा हलत नाही. एका घराला कागदांना अकरा महिने लागले आणि बांधायला साडेतीन.

आता तुमचा जून. आमचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि मे संपायच्या आत कौलं चढवावीच लागतात. २०२१ च्या जुलैत म्हादई नदीला पूर आला तेव्हा सत्तरी-डिचोलीत मातीची किती घरं बसली, ते ज्यांनी पाहिलं त्यांना ही घाई समजावून सांगावी लागत नाही. मातीच्या भिंतीच्या बुंध्यात पाणी मुरलं की ती उभी दिसते, आणि चार दिवसांनी पाणी ओसरल्यावर बसते. मेस्त्री म्हणतो, “पावस कोणाखातीर रावना.” पाऊस कोणासाठी थांबत नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडे एक भिंत उभी राहत नाही. तुम्ही जूनमध्ये नोकरी सोडून आलात तर चार महिने पागोळ्या मोजाल आणि दिवाळीत, काम सुरू होताना, परत जाल.

तेव्हा राजीनामा इतक्यात देऊ नका. जानेवारीतले दोन-तीन रविवार काढून या, राहायची सोय वाळपईत होईल. एवढं करूनही पावसातच यायचं असेल तर जरूर या, पण कामाची अपेक्षा बदलून. पावसात आम्ही गळकी घरं बघत फिरतो, पुढच्या हंगामाची कुटुंबं ठरवतो, अर्ज भरतो, उतारे काढतो, एकाच माणसाच्या नावाची तीन कागदांवरची तीन स्पेलिंगं जुळवतो. संगणकावर नीट बसून हे करणारं आमच्यात कोणी नाही. गेल्या पावसातले अर्ज माझ्या पुतण्याने भरले, तो यंदा बारावीला आहे. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, आणि लॅपटॉपला प्लॅस्टिकची पिशवी दोनपदरी घ्या.