गूगलमधल्या त्या दोन ओळी

प्रश्न : नमस्कार दादा, आमचा देवगड तालुक्यात घरगुती धंदा आहे, हापूस, कोकम आगळ, आंबोशी, फणसपोळी वगैरे. भाच्याने वेबसाइट करून दिली. गूगलवर आमचं नाव टाकलं की लिंक येते पण खाली सगळ्या पानांना एकच, 'आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत आहे'. आगळच्या पानाला तेही नाही, नुसतं होम, उत्पादने, संपर्क असं काहीतरी येतं. तिथे त्याने ओरिजिनल हा शब्द डबल कोट्समध्ये टाकून लिहिलं होतं खरं. तो म्हणतो याला मेटा डिस्क्रिप्शन म्हणतात, १६० अक्षरांत कीवर्ड भरले की आपण वर जाऊ. खरंय का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, भाचा हुशार आहे पण वर जायचं डोक्यातून काढा. रँकिंगसाठी, म्हणजे कोण वर कोण खाली हे ठरवताना, मेटा डिस्क्रिप्शन धरत नाही असं गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय. त्यामुळे हापूस, देवगड हापूस, ओरिजिनल हापूस, बेस्ट हापूस अशी माळ ओवून काही मिळत नाही, उलट वाचणारा पुढच्या लिंकवर जातो. या ओळींचं काम एवढंच की लिंक दिसली, आता माणसाने ती दाबावी.

आणि 'सहर्ष स्वागत' लग्नपत्रिकेत ठीक आहे हो, इथे त्याने काय कळणार? तुम्हाला फोन येतात ना, त्यात गिऱ्हाईक पहिलं काय विचारतं ते आठवा. आगळचंच घ्या, निम्म्या लोकांना आगळ आणि सरबत एकच वाटतं, मग बाटली घरी गेल्यावर 'खारट आहे' म्हणून तक्रार. तर मी असं लिहीन : 'रातांब्याचं घरगुती आगळ, फक्त मीठ घातलेलं, साखर नाही. सोलकढीला थेट वापरा, सरबताला साखर घाला. मुंबई-पुण्याला कुरिअरने.' झालं! फणसपोळीच्या पानाला वेगळं, आंबोशीला वेगळं, एकच मजकूर सगळीकडे चिकटवायचा नाही.

१६० चं म्हणाल तर असा पक्का नियम नाहीये, स्क्रीनवर मावेल तेवढं दाखवून पुढे टिंबं देतात. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने या ओळी जवळजवळ दुप्पट लांब केल्या, लोकांनी रात्री जागून सगळं परत लिहिलं आणि मे २०१८ मध्ये परत आखूड (मीही त्या जागणाऱ्यांतला). त्यात मराठीची गंमत अशी की रत्नागिरी लिहिलं की आपण ४ अक्षरं मोजतो आणि कम्प्युटर मोजतो ९, काना वेलांटी हलंत सगळं धरून. म्हणून अक्षरं मोजणारं टूल 'जास्त झालं' म्हणून लाल झालं तरी घाबरू नका, महत्त्वाचं ते आधी लिहा, कुरिअरचं तुटलं तर तुटू दे.

आगळच्या पानाचा घोळ बहुतेक त्या डबल कोट्सचा आहे. कोडमध्ये सगळं वर्णनच डबल कोट्समध्ये असतं, मध्ये परत तेच चिन्ह आलं की ओळ तिथेच संपली असं धरलं जातं, मग गूगल पानावरचं मिळेल ते उचलतं. ते मधले कोट्स काढून टाका. तरीसुद्धा गूगल तुमचंच लिहिलेलं दाखवेल याची गॅरंटी नाही हं, कोणी 'सोलकढी आगळ' शोधलं आणि पानातलं दुसरं वाक्य जास्त जुळलं तर ते दाखवतं, म्हणून पानाचा पहिला परिच्छेदही असाच नीट लिहून घ्या.

बदल केल्यावर भाच्याला सर्च कन्सोलमध्ये (वेबसाइटवाल्यांसाठी गूगलचं टूल) त्या पानासाठी रिक्वेस्ट इंडेक्सिंग, म्हणजे 'हे पान परत वाच', दाबायला सांगा, मग काही दिवस थांबा, लगेच दिसत नाही. आणि हापूसच्या पानाला 'बुकिंग सुरू' लिहिणार असाल तर सीझन संपल्यावर आठवणीने काढा, माझ्या एका पानावर एप्रिलची ऑफर तशीच राहिली होती, दिवाळीत फोन घेत बसलो होतो.