क्यूटिप ५ ने तुझा कोड मोडला, पण २०२४ मधे पायाच नवा घातला गेलाय

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की सरांच्या जुन्या कोडवर एमएस्सीचा प्रोजेक्ट करतोयस, लॅबच्या नवीन मशीनवर क्यूटिप, म्हणजे क्वांटम सिस्टिमचं गणित सोडवायचं पायथनमधलं पॅकेज, टाकलं तर त्याचं व्हर्जन ५ आलं, कोड पहिल्याच ओळीला आडवा झाला, आणि मग २०२४ सालची रिलीजची यादी वाचून तुला वाटलं की वर्षभरात या लोकांनी नुसती नावं बदलली, नवीन असं काही केलंच नाही, तर यात पुढे वेळ घालवावा का. मी क्यूटिप ३ पासून वापरतेय, डॉक्युमेंटेशनमधे थोडंफार कामही केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी मागचं थोडं. जपानमधल्या रिकेन या संशोधन संस्थेत रॉबर्ट योहानसन आणि पॉल नेशन यांनी २०११ च्या सुमारास हे सुरू केलं, २०१२ मधे फ्रँको नोरींबरोबर त्यावरचा पहिला पेपर आला. तेव्हा असली गणितं लोक मॅटलॅबमधे करायचे, ज्याला लायसन्स परवडत नाही त्याने काय करायचं हा प्रश्नच होता. क्यूटिप फुकट, कोड उघडा, म्हणून ते जगभर पसरलं. पण सुरुवातीला केलेली एक निवड पुढे दहा-बारा वर्षं गळ्यात राहिली, आणि ५ मधे नेमकी तीच सुटलीये.

ती निवड म्हणजे जे काही असेल ते स्पार्स, म्हणजे शून्यं सोडून फक्त बाकीचे आकडे साठवणाऱ्या सीएसआर फॉरमॅटमधेच ठेवायचं. त्या काळी हे बरोबरच होतं. दोन-दोन पातळ्यांचे दहा स्पिन घे, स्टेट १०२४ लांबीची, डेन्सिटी मॅट्रिक्स (बाहेरच्या परिणामासकट स्टेट लिहायची रीत) १०२४ बाय १०२४ म्हणजे साधारण साडेदहा लाख कॉम्प्लेक्स आकडे, एकाला १६ बाइट धरले तरी १६ एमबीच्या आसपास, काहीच नाही. पण मास्टर इक्वेशन, म्हणजे ही मॅट्रिक्स वेळेबरोबर कशी बदलते ते समीकरण, सोडवायला तिच्यावर चालणारा लिउव्हिलियन हा ऑपरेटर लागतो, तो साडेदहा लाख बाय साडेदहा लाख, पूर्ण भरून ठेवला तर १७ टीबीच्या वर जातो. त्यातले बहुतेक आकडे शून्य असतात म्हणून स्पार्सशिवाय गत्यंतर नव्हतं. पण मग एका क्यूबिटचा २ बाय २ चा ऑपरेटरसुद्धा सीएसआरमधेच, आणि इव्होल्यूशननंतर पूर्ण भरलेली डेन्सिटी मॅट्रिक्स, जिच्यात शून्यं जवळपास नाहीतच, तीपण सीएसआरमधेच. चार आकड्यांसाठी तीन-तीन अ‍ॅरे सांभाळायच्या. छोट्या सिस्टिम हजार वेळा चालवणारे लोक हे ओझं वर्षानुवर्षं वाहत होते.

५.० मार्च २०२४ मधे आलं त्यात ही डेटाची पातळीच वेगळी काढलीये. आता ऑब्जेक्टच्या पोटात डेन्स (शून्यांसकट सगळे आकडे) असेल, सीएसआर असेल किंवा डाया असेल, आणि दोन गोष्टींचा गुणाकार करायची वेळ आली की त्या जोडीला कुठलं फंक्शन लागू पडतं ते एक डिस्पॅचर ठरवतो. डाया म्हणजे फक्त कर्ण साठवायचे. १००० पातळ्यांचा ॲनिहिलेशन ऑपरेटर (एक पातळी खाली आणणारा) घे, त्यात मुख्य कर्णाच्या शेजारचा एकच कर्ण भरलेला असतो. सीएसआरमधे त्याचे ९९९ आकडे, वर ९९९ कॉलमचे नंबर, वर ओळी कुठे सुरू होतात त्याचे १००१ नंबर. डायात एक कर्ण आणि तो मधल्यापासून किती सरकलाय तो एक नंबर, संपलं. हार्मोनिक ऑसिलेटरवर काम करणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो.

आणि माझ्या मते याहून महत्त्वाचं म्हणजे ही पातळी बाहेरच्यालाही उघडी आहे. जॅक्स (जीपीयूवर गणित चालवणारी लायब्ररी) वापरणारं वेगळं पॅकेज लिहिता आलं ते यामुळेच, म्हणजे तोच सोडवायचा कोड जीपीयूवर जातो आणि उत्तराचं डेरिव्हेटिव्हसुद्धा आपोआप मिळतं. कंट्रोल पल्स, म्हणजे सिस्टिमला हव्या त्या स्टेटला नेणारा सिग्नल, शोधणाऱ्यांना हे मिळावं म्हणून आम्ही किती वर्षं वाट बघितलीये! जुन्या रचनेत हे बसवायचं म्हणजे वाड्याच्या प्रत्येक भिंतीला वेगळं भोक पाडण्यासारखं होतं.

आता तू "वर्षभरात" म्हणालास, तर हे लक्षात घे की या डेटाच्या पातळीचं काम २०२० च्या उन्हाळ्यात गुगल समर ऑफ कोड या सुट्टीतल्या कोडिंगच्या कार्यक्रमात एका विद्यार्थ्याने हातात घेतलं होतं. तिथून रिलीज व्हायला जवळपास चार वर्षं लागली, कारण सगळे सॉल्व्हर त्याच्यावर पुन्हा लिहायचे होते, आणि हे करणारी माणसं मोजकी, रिकेनमधली, कॅनडातल्या शेरब्रूक विद्यापीठाची, अजून थोडी इकडची तिकडची, बहुतेक जण आपलं संशोधन सांभाळून. पाठीशी मोठी कंपनी नाही. त्यामुळे एका वर्षाच्या यादीवरून प्रोजेक्टला जोखू नकोस.

बरं, २०२४ मधे इतकंच झालं असंही नाही. जूनमधे नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचं २.० आलं, त्यात बऱ्याच पॅकेजेसचा कोड मोडला, क्यूटिपने जुलैमधे छोटं रिलीज काढून ते जुळवून घेतलं. डिसेंबरमधे ५.१ आलं आणि त्याच महिन्यात ५ वरचा लांबलचक पेपरही. ५.१ मधलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे एन्व्हायर्नमेंटचा क्लास. आधी ब्लॉख-रेडफील्ड (कमकुवत कपलिंगसाठीची पद्धत) चालवायचं तर बाथचा, म्हणजे सिस्टिमच्या भोवतालच्या परिसराचा, पॉवर स्पेक्ट्रम फंक्शन म्हणून द्यायचा, आणि तोच बाथ हिओममधे (जोरदार कपलिंगलाही चालणारी पद्धत) घालायचा तर कोरिलेशन फंक्शनचे एक्स्पोनन्शियल तुकडे स्वतः पाडून त्यांचे सहगुणक लिस्टमधे द्यायचे, त्यात दोनाचा फॅक्टर इकडचा तिकडे झाला की आठवडा गेलाच समज. आता बाथ एकदाच लिहायचा, स्पेक्ट्रल डेन्सिटी दिलीस तर कोरिलेशन आणि पॉवर स्पेक्ट्रम तो काढून देतो, एक्स्पोनन्शियल फिटिंगही करतो, आणि तोच ऑब्जेक्ट दोन्हीकडे चालतो. कमकुवत कपलिंगचं उत्तर कुठपर्यंत खरं धरायचं हे तपासणं आता एका संध्याकाळचं काम झालंय.

आता तुझा कोड. तुझी पहिली ओळ मोडली ती ऑप्शन्स नावाचा क्लास इम्पोर्ट करताना, तो आता नाही, सॉल्व्हरला साधी डिक्शनरी द्यायची. सर्किटचा भाग क्यूटिप-क्यूआयपी या वेगळ्या पॅकेजमधे गेलाय, ते वेगळं इन्स्टॉल कर. ऑब्जेक्टच्या डॉट डेटावर थेट सायपाय या लायब्ररीची फंक्शन्स चालवली असतील तर ती चालणार नाहीत, डेन्स अ‍ॅरे हवी असेल तर डॉट फुल वापर, ते आधीही होतं आणि आताही आहे. हे सगळं एरर देऊन मोडतं, म्हणजे सापडतं, त्याची भीती नाही.

भीती एरर न देणाऱ्याची. मी माझा कॅव्हिटीतल्या अणूचा कोड ५ वर नेला तेव्हा एमसीसॉल्व्हमधे, म्हणजे मधेच यादृच्छिक उड्या मारणारे रन चालवणाऱ्या सॉल्व्हरमधे, ५०० ट्रॅजेक्टरी (असे वेगवेगळे रन) मागितल्या होत्या आणि रिझल्टच्या स्टेट्सवर लूप फिरवून प्रत्येक ट्रॅजेक्टरीत कितीदा उडी पडते त्याचा हिस्टोग्राम काढायचा होता. चित्र आलं, पण फार गुळगुळीत वाटलं. लिस्टची लांबी छापून बघितली तर २०१. माझे वेळेचे बिंदू २०१ होते! म्हणजे मी ज्याला ट्रॅजेक्टरी समजत होते ती सगळ्या ट्रॅजेक्टरींची सरासरी होती, एकेका वेळेची. ५ मधे वेगवेगळ्या ट्रॅजेक्टरी मुद्दाम मागितल्याशिवाय ठेवत नाहीत, मेमरी वाचावी म्हणून, त्यासाठी कीप रन्स रिझल्ट्स हा पर्याय ट्रू करायचा. डॉक्युमेंटेशनमधे लिहिलेलं आहे, मी तिथपर्यंत वाचलं नव्हतं. तुझ्या सरांच्या कोडमधे एमसीसॉल्व्ह आहे असं तू लिहिलंयस म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

म्हणून घाई करून एका दमात सगळं बदलू नकोस. पायथनची दोन वेगळी एन्व्हायर्नमेंट बनव, एकात ४.७, एकात ५.१. आधी अगदी छोटी केस घे, एक अणू, एक कॅव्हिटी, पाच-सहा फोटॉनपर्यंत, एमईसॉल्व्हने (मास्टर इक्वेशनचा सॉल्व्हर) दोन्हीकडे चालव आणि एक्स्पेक्टेशन व्हॅल्यूंची वजाबाकी काढ, सॉल्व्हरच्या टॉलरन्सइतका फरक आला की पुढच्या फाइलला हात लाव. मला असं करायला दोन संध्याकाळी लागल्या. जिथे फरक मोठा येईल ती फाइल आणि दोन्हीकडचे आकडे इथे टाक, मी शनिवारी बसून बघते.