लहानपणी ‘हुशार’ म्हणून नाव झालेली मुलं पुढे अभ्यासाला बसूच का शकत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की पाचवीच्या शिष्यवृत्तीत गुणवत्ता यादीत नाव आलं, पेठेत फ्लेक्स लागला, आणि आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलाय. पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत उठावंसं वाटतं. तुम्ही विचारता: मग मी खरंच हुशार होतो का? आणि धाकटी बहीण आता त्याच परीक्षेची तयारी करतेय, तिला काय सांगू?

हुशार होता का, याचं उत्तर मिळून तुमचा एम-थ्री सुटणार नाही, म्हणून ते बाजूला ठेवा. मी कोल्हापुरात शिष्यवृत्तीचं गणित आणि बुद्धिमत्ता शिकवते. तुम्हाला त्या वर्षी कोणती सवय लागली असणार, ते मात्र मी सांगू शकते.

एका पेपरला ७५ प्रश्न, १५० गुण, वेळ ९० मिनिटं. प्रश्नामागे ७२ सेकंद, त्यातच ओएमआर म्हणजे यंत्रानं तपासायच्या उत्तरपत्रिकेवरचा गोल रंगवायचा. चुकीला उणे गुण नाहीत. त्यामुळे सगळीकडे एकच शिस्त लावतात: पहिल्या फेरीत बघताक्षणी येतात तेवढे सोडव, अडलं की पुढं सरक, शेवटी एकही गोल रिकामा ठेवू नकोस. परीक्षेपुरतं हे बरोबर आहे, मीही हेच शिकवते. पण दहा वर्षांचं पोर वर्षभर रोज हेच करतं, तेव्हा मिनिटात सुचलं नाही की सोडून द्यायचं, हे त्याच्या अंगवळणी पडतं. आणि नेमक्या त्याच वेगाला घरचे, शाळेतले, गल्लीतले ‘पोरगं लई हुशार हाय’ म्हणतात. एम-थ्रीमधल्या लाप्लास रूपांतराचं एक गणित अर्धा तास सहज खातं. पाचव्या मिनिटाला अडलात की तुमचा हात पान उलटतो. हा आळस नाही.

माझा एका सहकाऱ्याशी यावरून जुना वाद आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर देते. प्रश्न असा: साधं वर्ष आहे, १ जानेवारीला सोमवार, तर १५ ऑगस्टला कोणता वार? मुलांना जानेवारी ते डिसेंबर महिन्यांचे कोड पाठ असतात: ०-३-३, ६-१-४, ६-२-५, ०-३-५. ऑगस्टचा कोड २, सोमवार अधिक दोन, १ ऑगस्टला बुधवार, १५ तारखेलाही बुधवार. दहा सेकंदांत गोल भरून मोकळे. वर्गात पहिली येणारी एक मुलगी असंच सोडवायची. तिला विचारलं, “बाळा, ऑगस्टला दोनच का?” ती गप्प. मागच्या बाकावरची एक जण मात्र वहीत एकाखाली एक लिहीत बसली होती: जानेवारीचे ३१, म्हणजे चार आठवडे आणि ३ जादा; फेब्रुवारीचे २८, जादा काही नाही; मार्चचे ३, एप्रिलचे २, मेचे ३, जूनचे २, जुलैचे ३. बेरीज १६, सातने भागून बाकी २. तिला चार मिनिटं लागली, पण कोड कुठून येतो तेच तिनं शोधून काढलं होतं. लीप वर्ष दिलं असतं तर तिनं फेब्रुवारीचा १ धरला असता; पहिलीला वेगळा कोड पाठ करावा लागला असता. सहकाऱ्यांनी या दुसरीला ‘ब’ बॅचमध्ये टाकलं. “वेग नाही,” म्हणाले. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: वेग तीन महिन्यांच्या सरावानं येतो, चार मिनिटं एका प्रश्नापाशी थांबायची ताकद तशी येत नाही. तालमीत वस्ताद चांगल्या पोराला मुद्दाम जड जोड देतो. आपण हुशार पोराला वर्षभर हलके जोड देतो आणि निकालाचा फ्लेक्स लावतो.

आणखी एक. शिष्यवृत्तीचा बुद्धिमत्तेचा भाग म्हणजे बुद्ध्यांक नव्हे. वर्गीकरण, मालिका, आरशातील प्रतिमा, सांकेतिक भाषा हे प्रकार सरावानं सुधारतात, म्हणून तर क्लास चालतात. बुद्ध्यांकाची चाचणी, उदाहरणार्थ मराठी मुलांसाठीही वापरली जाणारी बिने-कामत, मानसशास्त्रज्ञ एकेका मुलाला समोर बसवून घेतात. बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १९०५ साली मूळ चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी, मदतीची गरज असलेली मुलं ओळखायला. मुलं मिरवायला नव्हे. पुढे अमेरिकेत टर्मन या मानसशास्त्रज्ञानं १९२१ पासून असामान्य बुद्धीची मुलं निवडून त्यांचा अभ्यास केला. त्या निवडीत न बसलेल्या शॉकली आणि अल्व्हारेझ यांना नंतर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता तुमचं काम. एक गणित घ्या, २५ मिनिटं लावा, उत्तर झाकून ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. काय दिलंय आणि काय काढायचंय ते आधी लिहा. अडलात की ‘इथे अडलो, कारण…’ असं एक पूर्ण वाक्य वहीत लिहा. बहुतेक वेळा त्या वाक्यातच कळतं की लाप्लास येतंय, आंशिक अपूर्णांक कच्चे आहेत. वेळ संपली की गाईडमधली फक्त पुढची एक ओळ बघा, गाईड मिटा, पुढे चला. दिवसाला अशी तीनच गणितं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच तीन कोऱ्या कागदावर पुन्हा. इथे गाडी अडते ती दोन ठिकाणी. एक, सोडवलेली गणितं नुसती वाचायची. सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पेपरात हात चालत नाही. दोन, पहिल्या आठवड्यात तीनपैकी एकही पूर्ण होत नाही, जीव कासावीस होतो, आणि आपण हुशार आहोत हे स्वतःला पटवायला माणूस सोप्या गणितांकडे पळतो. तेवढा आठवडा पळू नका.

बहिणीचा सराव पेपर झाला की तिनं सोडून दिलेल्या प्रश्नांवर खूण करा आणि संध्याकाळी त्यातला एकच, घड्याळ न लावता, तिच्याकडून करून घ्या. जमला तर ‘हुशार आहेस’ म्हणू नका; ‘आकृती पुन्हा काढलीस म्हणून सापडलं’ असं, तिनं जे केलं ते सांगा. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले होते. ज्यांच्या बुद्धीचं कौतुक झालं ती मुलं पुढे सोपी कोडी निवडत होती, एकदा अपयश आल्यावर त्यांचे गुण घसरले, आणि बऱ्याच जणांनी आपले गुण वाढवून सांगितले. कष्टाचं कौतुक झालेल्यांमध्ये हे फारच कमी दिसलं.

यावरून परीक्षाच वाईट असं कुणी धरू नये. भुदरगड, राधानगरीच्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरांना शिष्यवृत्ती, कागलचं नवोदय, आठवीची एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा यांनी खरोखर वाट करून दिली आहे. एनएमएमएसचे वर्षाला १२,००० रुपये नववी ते बारावी मिळतात, गरिबाघरी ती मोठी रक्कम आहे. आणि झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, कशातच मन लागत नसेल, तर वरचं काहीही करत बसू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. वाचताना अक्षरंच घसरतात, लक्ष लहानपणापासूनच टिकत नाही, अशा मुलांनाही ‘हुशार आहे, पण करत नाही’ म्हणून वर्षानुवर्षं बोलणी बसतात. त्यांना तपासणी लागते, उपदेश नाही.

बहिणीच्या क्लासमध्ये जाऊन एवढंच विचारा: पेपरात सोडून दिलेल्या प्रश्नांचं पुढे काय करता? ‘त्याला वेळ नसतो’ असं उत्तर आलं तर क्लास बदलायची गरज नाही, इथे बहुतेक ठिकाणी तेच ऐकाल. ते काम घरी तुम्ही करा. त्या परीक्षेचं गणित तुमचं पक्कं आहे.